उलटवायची राहिलेली खोकी

उस्तादने मला वाचवलं. काय झालं ते पुढे सांगतोच, पण हे आधी लिहून ठेवतो. मला सांगता सांगता धाप लागते आणि मुख्य गोष्टच राहून जाते. त्याचं नाव लिहीत नाही. नावावरूनच तर सगळं झालं. ट्रकच्या धंद्यात मुरलेल्या ड्रायव्हरला उस्ताद म्हणतात, म्हणून तोच शब्द. तो धुळ्याचा. पन्नाशीचा, दाढीला मेंदी लावणारा. अहिराणी अशी बोलायचा की आमच्या गावच्या म्हाताऱ्यांनीही कान द्यावा. त्याने मला एकदा नाही, दोनदा वाचवलं. पहिल्यांदा रस्त्यावर, दुसऱ्यांदा घरच्या खाटेवर पडून.

मी सध्या मस्कतला आहे, फळांच्या एका गोदामात. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. लिहायची सवय नाही, पण गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या गोदामात निम्मे आपल्याकडचे, निम्मे पाकिस्तानचे. केळीचे घड आले की फण्या सोडवायला प्रत्येकाला एक बाकदार सुरी असते. दोन देशांत पुन्हा तापलं, बातम्या यायला लागल्या, तशी सुपरवायझरने सकाळी सगळ्या सुऱ्या मागून घेतल्या, कपाटात ठेवल्या आणि कुलूप घातलं. "दोन दिवस हातानेच तोडा," म्हणाला. हाताने फणी सोडवली की देठ फाटतो, चीक उडतो. माझ्या समोर माझ्याच खोलीत राहणारा मुलतानचा माणूस उभा होता. तीन वर्षं आम्ही एका पातेल्यात डाळ शिजवतो. तो कुलपाकडे बघत होता, मी त्याच्याकडे. आणि मी दोन पावलं मागे सरकलो. तो म्हणाला, "क्या हुआ भाई, मुझसे डर गया?" मी नाही म्हटलं. खरंच त्याला भ्यालो नव्हतो. मी त्या दुपारला भ्यालो होतो. ती अशी.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. घरची जमीन पावसावर, म्हणून मी यावलकडे केळीच्या शेडमध्ये कामाला लागलो. शेडच्या मालकाला सगळे आबा म्हणायचे. बागेतून घड यायचे, आम्ही फण्या सोडवायचो, तुरटीच्या पाण्यात धुवायचो, पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरायचो. माझं काम खोकी जोडायची आणि गाडीत थर लावायचा. थर नीट लागला नाही तर माल हजार मैल रडत जातो, असं उस्ताद म्हणायचा.

तेव्हा आमचा बराच माल सरहद्दीवर जायचा, तिथून पलीकडे. परतीला उस्ताद पलीकडची खारीक घेऊन यायचा. जळगाव-धुळ्याच्या बाजारात लग्नसराईला आणि बाळंतिणीच्या लाडवांना जी खारीक लागते, तिच्यातली कितीतरी आमच्या केळीच्या गाडीतून आलेली असायची, आणि हे खाणाऱ्यांना माहीतही नसायचं. दोन देशांचं बरं चाललंय की वाईट, हे आम्हाला वर्तमानपत्राआधी कळायचं. मोठी माणसं एकमेकांना भेटली, हात हातात घेतले, की आठवड्याभरात आबा चहात दूध वाढवायला सांगायचा. राजदूत माघारी बोलावला की चहा काळा.

एकदा उस्तादने मला सोबत नेलं होतं. "चाल रे, देश देखी ले. आनी देश संपस कथा तेबी देखी ले." देश जिथे संपतो त्या सरहद्दीवरच्या आवारात त्यांची गाडी आमच्या गाडीला पाठ लावून उभी राहायची. हमाल इकडून तिकडे खोकी द्यायचे. पलीकडचा ड्रायव्हर उस्तादच्याच वयाचा, तसाच दाढीवाला. दोघांचं भांडण कैक वर्षांचं.

"तुम्हारे मुल्क में केला सीधा नहीं उगता क्या?" त्याने विचारलं.

"उगता सीधा ही है," उस्ताद म्हणाला. "तुम्हारे नाके पे खडा खडा टेढा हो जाता है."

हमाल हसले. आवारात बंदूक घेऊन उभा असलेला जवानही तोंड फिरवून हसला. मग उस्तादने केळीच्या पानात गुंडाळून खास नेलेली पिकलेली फणी त्याला दिली आणि त्याने ओंजळभर खारीक दिली. दर खेपेला असंच. आधी शिव्या, मग देवाणघेवाण. उलट्या क्रमाने कधीच नाही, उस्तादने मला बजावून सांगितलं होतं. आधी गोड बोललं तर माणूस फसवतोय असं वाटतं म्हणे.

नंतर फाटक बंद झालं. सीमेवर आपली माणसं मारली गेली होती, आणि टीव्हीवर रोज तेच. आमच्या दोन गाड्या सरहद्दीवर अडकल्या. माल उभ्या उभ्या पिकला, काळा पडला, तिथेच फेकला. शेडमध्ये मागच्या हंगामाची खोकी उरली होती, एका भिंतीला छतापर्यंत. पलीकडच्या व्यापाऱ्याची छपाई, हिरव्या रंगात केळीचं पान आणि त्याच्याभोवती उर्दू अक्षरं. मला ती वाचता येत नव्हती. माझ्या लेखी ती नक्षी होती.

आबाने सांगितलं, "खोकी फुकट घालवायची नाहीत. उलटी करून जोडा. छपाई आत, कोरी बाजू बाहेर."

हे काम मोठं चिकट. पुठ्ठ्याला एका बाजूला वळायची सवय लागलेली असते, उलटं वळवलं की तो रागावतो. झडपा बसत नाहीत, दुप्पट टेप लागते. त्या दिवशी सुरतेची गाडी भरायची होती आणि टेप संपत आली. यावलच्या बाजारातली दुकानं बंद. सगळीकडे निषेध चालला होता. आबा म्हणाला, दुपारी बारापर्यंत गाडी निघाली पाहिजे. मी काय केलं ते नीट लिहितो, कारण गावाकडे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बाहेरच्या थराला लागतील तेवढी खोकी मी उलटी केली, तीही टेप वाचवून, एकेरी पट्टी लावून. आतली सगळी तशीच सुलटी जोडली, हिरवी छपाई बाहेर. मनात म्हटलं, आत कोण बघतंय.

गाडी निघताना आबाच्या घरच्या अक्काने चाकापुढे नारळ फोडला, गाडीला कुंकू लावलं, माझ्या कपाळाला लावलं. उस्तादच्या हातावर खोबरं ठेवलं. तो म्हणाला, "अक्का, माले तुकडा मोठा. गाडी मीच हाकस." ती हसली. सुरतेला माल उतरवून घ्यायला मी सोबत जाणार होतो.

जळगाव गेलं, एरंडोल गेलं. ऊन कडक होतं. पारोळा सोडल्यावर उस्ताद गाणं गुणगुणायचा थांबला. समोर रस्त्यावर धूर दिसत होता. टायर पेटवलेली. दोनेकशे माणसं असतील. गाड्यांची रांग. माणसं गाड्यांना झेंडे बांधत होती, घोषणा म्हणायला लावत होती आणि सोडत होती. आमच्या पुढच्या गाडीला सोडलं. उस्तादने काच खाली केली आणि न सांगता घोषणा दिली, जोरात. एक पोरगेला माणूस खूश झाला. "काय माल शे काका?"

"केळी."

"कच्ची?"

"सुरत जाईसन पिकी."

तेवढ्यात मागून दोघं झेंडा बांधायला गाडीवर चढले. झेंड्याची काठी अडकवायला त्यांनी ताडपत्रीची दोरी सोडली. माझी एकेरी टेप. वरच्या कोपऱ्यातलं खोकं त्या माणसाच्या पायाखाली फाटलं, त्याच्यासोबत खालचं, आणि कडेचा सगळा थर भिंत ढासळावी तसा रस्त्यावर आला. फण्या घरंगळल्या. आणि आतला थर उघडा पडला. हिरवं पान, त्याच्याभोवती अक्षरं, ओळीच्या ओळी.

टायरचा आवाज येत होता, रबर उकळतं तसा.

मग गाडीवरचा माणूस ओरडला, "पाकिस्तानचा माल!"

त्यांनी दार उघडलं आणि उस्तादला शर्टाला धरून खाली ओढलं. तो पायरीवरून पडला. एकाने त्याच्या खिशातून लायसन्स काढलं आणि त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. त्या नावानंतर कोणी काही विचारलं नाही.

"मी धुळानाच शे, भो! धुळाना! मना बाप बठ्ठा जलम आठेच ऱ्हायना!" उस्ताद ओरडत होता. ज्या भाषेत ते ओरडत होते त्याच भाषेत. पहिली लाथ पोटात बसली. मग मोजायचं कारण राहिलं नाही. एकाने केळीची अख्खी फणी त्याच्या तोंडावर मारली, कच्ची केळी, लाकडासारखी. दात पडला. मी केबिनमध्ये बसलेलो, हात मांड्यांखाली घेतलेले. मला सांगायचं होतं की खोकी मी भरली, माल यावलचा आहे, सुरतेला चाललाय, खोकी जुनी आहेत. चार वाक्यं. त्यातलं एकही मी बोललो नाही.

मग एकाचं माझ्याकडे लक्ष गेलं. "ह्यो कोन?" मला ओढून उतरवलं. "माल कोनी भरा? बोल!"

मी तोंड उघडलं. आणि जमिनीवरून उस्ताद बोलला. तोंडातून रक्त, ओठ फाटलेला, तरी स्पष्ट.

"माल मीच भरेल शे. तो मना संगे नही शे. एरंडोलले बठना, पद्मालयना गणपतीले गयथा. त्यानं कपाळ देखा."

सगळ्यांनी माझं कपाळ पाहिलं. अक्काचं कुंकू तिथे होतं. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली, मोठ्या भावाने मारावी तशी. "दादा, चुकीच्या गाडीत बठना तू." आणि माझ्या हातात बांबू दिला. केळीच्या झाडाला टेकू देतात तसला, आमच्याच गाडीतला, थर अडवायला मीच लावलेला. "घे. दोन तू पण हान."

मी उस्तादकडे पाहिलं. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. दुसऱ्याने तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याने मान हलवली. इतकी बारीक की दुसऱ्या कोणाला दिसली नसेल. मार, असं.

मी मारलं. एकदा, मांडीवर. आवाज झाला. ते "अजून!" म्हणाले, आणि माझ्या हातातून बांबू गळून पडला. मला वांती झाली. ते हसले. बाजूला हो दादा, म्हणाले. मी बाजूला झालो. बाजूला होऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि पुढचं सगळं बघितलं.

एकाने गाडीच्या पेटीतून जॅकचा दांडा काढला. उस्तादने डोकं वाचवायला उजवा हात वर केला होता, दांडा त्या हातावर बसला. पुन्हा त्याच हातावर. तिसऱ्यांदा हात खाली पडलेला होता तेव्हा, बोटांवर. तो मोठा आवाज करून एकदा ओरडला आणि मग नुसता पडून राहिला. कोणीतरी केबिनमध्ये पेटता बोळा टाकला. सीट धडाधडा पेटली. आतल्या केळ्यांचा चीक उकळायला लागला, त्याचा वास मला आजही येतो, तुरट, हिरवा. खोक्यांवरची हिरवी पानं काळी होत गेली.

पोलिसांची गाडी धुळ्याकडून आली तेव्हा ते शेतांतून पांगले. पळताना एकाने पडलेल्या दोन फण्या उचलून नेल्या. पिकवून खाल्ल्या असतील.

मी एका छोट्या टेम्पोवाल्याच्या पाया पडलो. त्याने उस्तादला मागे घेतलं. धुळ्यापर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याच्या मांडीवर माझा वळ उठत होता, पॅंट फाटली होती तिथून दिसत होता. बाकीच्या सगळ्या जखमांमध्ये मला तेवढाच दिसत होता.

सरकारी दवाखान्यात हाताला सळ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी तो बोलला. खाटेशेजारी त्याची बायको सफरचंद कापत होती. मी पायाशी बसून रडलो. म्हटलं, "उस्ताद, मी मारलं."

"हा," तो म्हणाला. "माहीत शे."

"जोरात लागलं का?"

त्याने विचार केला, खरंच केला. "तुना लागना नही रे. तुना हात खोका जोडाना. बाकीसना लागना." मग बायकोला म्हणाला, "याले बी एक फोड दे. शेडमा काम करस नि फळ खास नही."

खोक्यांचं मी सांगितलं नाही. मारल्याचं सांगता आलं, ते नाही. त्याला वाटत होतं की आबाने दुसऱ्या कोणाला घाईत भरायला लावलं. तो आबाला शिव्या देत होता आणि मी मान हलवत होतो.

चौकशी सुरू झाली. माल कुठला, खोकी कुठली, ड्रायव्हरचा पलीकडे कोणाशी संबंध. उस्तादचं लायसन्स जमा झालं. वर्षानुवर्षं सरहद्दीवर जाणं-येणं होतं, तेच त्याच्या विरोधात गेलं. पलीकडच्या ड्रायव्हरसोबत काढलेला एक फोटो त्याच्या मोबाइलमध्ये निघाला, दोघांच्या हातात एकच फणी. आबाने मला शेडमागे नेलं. "कागदावर तुझं नाव नाही. गाडीत तू नव्हताच. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं. गावी गेलो तर झोप लागेना. दार वाजलं की मी कणगीमागे जायचो. आईला वाटलं बाहेरचं काही लागलं.

तेव्हा उस्तादने मला दुसऱ्यांदा वाचवलं. त्याचा मेहुणा मस्कतला ह्याच गोदामात होता. त्याला फोन लावून उस्तादने माझं काम ठरवलं आणि मला बोलावून घेतलं. हात गळ्यात बांधलेला, घरी खाटेवर.

"जाय तू," तो म्हणाला. "आठे ऱ्हायना ते तू मरशी. माणूस भीतीखाले बी मरस."

"आणि तुमचं?"

"मनं काय? मना एक हात शे अजून. एका हातखाले गाडी चालाडनारा मी बठ्ठा खानदेशमा एकलाच ऱ्हासू." तो हसला, दात गेला होता तिथून हवा आली. मी हसलो नाही. त्याने विचारलं, "काय रे, काही सांगनं शे का?"

मी म्हटलं, "नाही." विमानात बसेपर्यंत तो शब्द माझ्या तोंडात होता.

उस्तादचं लायसन्स अजून परत मिळालेलं नाही. उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत. तो पुतण्याच्या गॅरेजमध्ये बसतो, गाड्यांचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. फोनवर मला विचारतो, "तठे केळी कथाईन येतस?" कधी फिलिपिन्सची, कधी आपली, मी सांगतो. पाकिस्तानवाले आपली केळी इथे खातात हे ऐकून त्याला फार हसू येतं. "म्हणजे समुद्रवरथीन नाका उघडाच शे!"

तर गेल्या महिन्यात सुऱ्या कुलपात गेल्या आणि मी मागे सरकलो. रात्री खोलीत मुलतानवाल्याने टीव्हीची वायर काढून उशीखाली ठेवली. आमच्यात हे ठरलेलं आहे, दोन देशांत वाजलं की वायर ज्याच्या देशाची बातमी मोठी असेल त्याने काढायची. वरच्या खोलीत मात्र मारामारी झाली. ताटं फुटल्याचा आवाज, मग कोणाचं तरी डोकं भिंतीवर आपटल्याचा. आम्ही दोघं अंधारात बसून ऐकत होतो. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. उस्ताद, बांबू, हात. आणि पहिल्यांदाच टेप आणि खोकीही. हिंदीत सांगितलं, म्हणून जमलं असेल.

तो म्हणाला, "उसको बताया?"

"नहीं."

"मेरे को क्यूं बता रहा है फिर? मेरा हाथ थोडी टूटा है."

त्याचं बरोबर होतं. त्याने दिवा लावला, बॅगेतून गावाकडून आलेली खारकेची पिशवी काढली, ओंजळ भरून माझ्या रुमालात बांधली आणि गाठ मारली. "अपने उस्ताद को दे देना. पहले गाली देना, फिर खजूर." मी चकित झालो. तो क्रम मी त्याला कधी सांगितला होता कोण जाणे.

रुमाल माझ्या पेटीत आहे. वरच्या खोलीतल्या एकाच्या डोक्याला टाके पडले, सुऱ्या पाच दिवसांनी परत मिळाल्या.

उस्ताद, हे तू वाचणार नाहीस, तुला वाचायचा कंटाळा, पण मेहुणा फोनवरून वाचून दाखवील. ती आतली खोकी मी सुलटी लावली. टेप मी वाचवली. आबाने नाही, दुसऱ्या कोणी नाही. रजा उन्हाळ्यात मिळायची आहे. यावलला नाही, घरी नाही, आधी धुळ्याला तुझ्या गॅरेजवर येईन. तू मला पोटभर शिव्या दे. मग रुमाल सोडू. आणि मग तू मला त्या कचेरीत घेऊन चल, जिथे तुझं लायसन्स पडलंय. तिथे त्या दिवसाच्या कागदावर मी माझं नाव लिहवून घेईन. माल भरणारा म्हणून, गाडीत बसलेला म्हणून, आणि ज्याला तू एरंडोलचा प्रवासी म्हणून वाचवलंस तो म्हणून. भीती वाटेल, मला माहीत आहे. वाटली तरी लिहवीन. तुझा हात मला परत करता येणार नाही, पण तुझ्या नावावर चढलेला माझा माल मी उतरवून घेईन.